हरवंडी बंदराचा कौल

अल-खोबर
९ सप्टेंबर २०१६, जुम्मा

चाचा, अस्सलामु अलैकुम. जोहराचाचींना माझा सलाम सांगा.

कागद बघून दचकू नका. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंत, तेव्हा हाच रस्ता उरला. शारीक उद्या ईदसाठी गावी निघतोय. खफजीहून वाट वाकडी करून माझ्या खोलीवर आलाय, समोर बसून माझाच चहा पितोय आणि वर मलाच म्हणतोय, "लिही लवकर, तू लिहायला बसलास की बकरी ईदची रमजान ईद होईल." पत्र तो तुमच्या हातात देईल. मी बरा आहे. इथल्या पाण्याने केस थोडे गळाले. ऊन अजून उतरलेलं नाही. दुकान सध्या बंद आहे.

तुम्ही रमजानमध्ये एक काम सांगितलं होतंत, ते आधी. हरवंडी बंदर वसून अडीचशे वर्षं झाली म्हणून जमातीची स्मरणिका निघतेय, पहिला लेख तुमचा. त्यात लिहायचं की आपला मूळपुरुष अरबस्तानातून खजुराचं गलबत घेऊन आला, इंग्रजांच्या कंपनीच्या साहेबाने त्याला शेजारी खुर्ची दिली, सनद दिली आणि बंदर वसवायला सांगितलं. सनद म्हणजे तुमच्या दिवाणखान्यातली फ्रेम. लहानपणी तिच्याखाली चप्पल घालून उभं राहिलं तरी तुमचा हात उठायचा. तुम्ही तिचा फोटो पाठवलात आणि म्हणालात, "बाला, तू अरबांच्या मुलुखात आहेस, कुणा आलिमकडनं वाचून घे. छापायला पुरावा पायजे."

घेतला वाचून. माझ्या बहिणीचं, उझमाचं, नंतर लिहितो.

आलिम माझ्या ओळखीचा नाही. माझ्या ओळखीचा अरब म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा तो कफील, अबू राकान. दुकानामागच्या मजलिसमध्ये गहवा पीत बसलेला असतो. त्याच्यासमोर फोटो मोठा करून धरला. त्याने चष्मा लावला. फोन उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, "कादिर, हे अरबी नाही."

मी म्हटलं, "वरचा शिक्का बघा."

"शिक्का फारसी असेल. खालचं तर डावीकडून सुरू होतंय. हे तुमचंच काहीतरी. तुला कोणी सांगितलं अरबी?"

"माझे चाचा म्हणतात. आम्ही मूळचे इथलेच. अरब."

तो इतका हसला की गहवा अंगातल्या पांढऱ्या थोबावर सांडला. "इथले? मग मी उगाच धावपळ केली. सरकार म्हणतंय दुकानात इथलाच माणूस ठेवा. तुझ्या चाचाला सांग, तो कागद घेऊन ये, तुझी एक्झिट रद्द करून टाकू."

हां. निघालंच तोंडातून. दुकान बंद आहे हे वर खोटं लिहिलं, आता खरं लिहूनच टाकतो. मोबाईलच्या दुकानात बाहेरचा माणूस बसायचा नाही, असा हुकूम निघाला. मुदत दोन तारखेला संपली. माझ्या स्टुलावर आता अबू राकानचा पुतण्या बसतो, बरा पोरगा आहे, स्क्रू फिरवताना जीभ बाहेर काढतो. माझ्या पासपोर्टवर फायनल एक्झिट लागलीय. म्हणजे खलास. तीन वर्षं तबूक, एक वर्ष खफजी, एक वर्ष खोबर, आणि आता घर. तुम्हाला हे कळलं की काय म्हणाल ते मला पाठ आहे: "पायाला भिंगरी लागल्याला पोर, कुठंच टिकला नाय." या वेळी मात्र टिकलो होतो चाचा. या वेळी मला उठवलं.

असो. कागदाकडे येतो.

विनयसाहेब म्हणून पुण्याचे एक इंजिनिअर इथे समुद्राकाठच्या रस्त्याजवळ, कॉर्निशजवळ राहतात. त्यांच्या फोनची काच बसवून द्यायला मी घरी गेलो. (कॉर्निशवर आपल्याकडची म्हातारी माणसं गळ टाकून बसतात. एकाला विचारलं, काय लागतं? म्हणाला, "काय नाय रं, हात शांत राहतात." ते वाक्य मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतोय.) विनयसाहेबांच्या बायको हेमलताताई. फोन चालतो की नाही ते बघताना मी माझ्या मोबाईलवरून त्यांना फोटो पाठवून पाहिला, तो नेमका फ्रेमचा. ताई एकदम म्हणाल्या, "अहो, ही तर मोडी!" पुण्याला हौसेने त्यांनी मोडीचा वर्ग केलेला. लॅपटॉपवर फोटो उघडून बसल्या, अक्षराअक्षरावर बोट. त्यांची मुलगी अनुष्का खांद्यावरून डोकावून म्हणाली, "अंकल, ये ट्रेझर मॅप है क्या?"

एका ओळीवर ताई थांबल्या. "कादिर, दालदी हे आडनाव आहे का?"

मी आधी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग सांगितलं की दालदी म्हणजे खाडीत जाळी टाकणारे आमचेच मुसलमान. आमचे मोठे लोक त्यांच्या घरचा चहा घेत नाहीत.

"मग मोठ्याने वाचू का?"

"वाचा."

जसंच्या तसं उतरवून घेतलंय, तुम्हीही वाचा: "इसप वलद दाऊद दालदी, मौजे हरवंडी, यासी कौल दिल्हा ऐसाजे. तुवां सरकारचीं गलबतें दांड्यावरून सुखरूप आंत आणिलीं, सबब मांडवीची मुकादमी तुजकडे सांगितली असे. किनारा ओस आहे, आपले भाईबंद आणून वसवावा."

खुर्ची कुठेच नाही. अरबस्तान नाही, खजूर नाही. ताईंनी दोनदा वाचलं.

विनयसाहेबांना इतिहासाचा नाद. त्यांनी नकाशा काढून मला समजावलं आणि मला आपलंच गाव पहिल्यांदा दिसलं. खाडीवरचा किल्ला कंपनीकडे गेला तेव्हा लढाईने किनारा मोकळा पडला होता. खाडीच्या तोंडाशी रेतीचा दांडा, आजही आहे, ओहोटीला दिसतो. त्यावर कंपनीची गलबतं फुटायची. आत यायची वाट कुणाला ठाऊक? जाळीवाल्यांना. इसप गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, बांबू घेऊन उभा राहत असणार, बांबू पाण्यात टाकून खोली बघत, हात वर करून सुकाणूवाल्याला सांगत. होडेकरांचा तौकीर होडी आत आणताना अजूनही तसाच हात वर करतो. आम्ही लहानपणी त्याची नक्कल करायचो.

मग इसपने माणसं आणली, खाली मांडवी झाली, माल उतरवायचा धक्का, तिथे जकात बसली. जकात आली तसे वाणी आले, पेठ झाली. वर टेकडीवर पेन्शनवाल्या शिपायांची छावणी. या तीन वस्त्या मिळून हरवंडी महाल. पुढे कचेरी दक्षिणेला गेली, साहेब गेले, छावणीत करवंदं वाढली. पेठेतली दुकानं बंद पडली. आणि मुकादमाच्या नातवांनी चिऱ्याचं घर बांधलं, जाळी अडगळीत टाकून दिली, कौल काचेत घातला. वाचता येत नव्हता हे बरंच झालं म्हणायचं. येत असता तर कुणीतरी फाडला असता.

शारीक म्हणतोय, "अर्धा कागद संपला, उझमा कुठाय?" त्याला काय कळतं. थांबा, पाणी पिऊन येतो.

आलो.

चाचा, उझमा सत्तावीस वर्षांची आहे. शाळेत शिकवते, तिसरीच्या पोरांना खाडीवर नेऊन ओहोटी दाखवते. तौकीर होडेकर तिला मागणी घालायला दोनदा तुमच्या ओसरीवर आला. पहिल्यांदा तुम्ही त्याला बसा म्हणाला नाहीत. दुसऱ्यांदा त्याच्या बापासमोर म्हणालात, "दालद्याच्या घरात मुकादमाची पोर? आमच्या खानदानीत असं कवां झालं नाय." जोहराचाचींनी पाण्याचे पेले आणले होते, ते तसेच आत नेले. उझमाने मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. म्हणाली, "भाई, त्याच्या अब्बांनी जाताना आपल्या चपला हातात धरल्या होत्या. ओसरी खराब नको म्हणून."

मग तुम्ही काजीसाहेबांना सांगितलंत की तुमच्या परवानगीशिवाय निकाह पढायचा नाही. काजीसाहेब म्हणाले, वली कोण, मुलीच्या वतीने हो म्हणायचा हक्क कुणाचा? तुम्ही खिशातून कागद काढलात. माझा कागद.

त्याच कागदापाशी येऊ नये म्हणून मी एवढा वेळ फिरत होतो. गलबतं, मांडवी, पेठ, सगळं त्यापायी.

अब्बा गेले तेव्हा मी तबूकला बटाट्याच्या शेतावर होतो. मी तुम्हाला कळवलं की तिथला कफील सोडत नाही, पासपोर्ट देत नाही. तुम्ही त्याला शिव्या दिल्यात, अम्मीने बद्दुआ दिली. चाचा, तो माणूस भला होता. त्याने त्याच दुपारी पासपोर्ट माझ्या हातात ठेवला होता आणि स्वतः गाडीने विमानतळावर सोडतो म्हणाला होता. मी नको म्हटलं. एका ट्रकवाल्याबरोबर लाल समुद्रापर्यंत गेलो आणि दोन दिवस तिथे बसून राहिलो. पाणी फार निळं होतं, आपल्यासारखं गढूळ नाही. मला अब्बांचं तोंड बघायची हिंमत झाली नाही. शेवटच्या फोनवर आमचं भांडण झालं होतं. कशावरून, ते सांगण्यासारखंही नाही. एका जुन्या सायकलवरून.

तुम्ही मातीला खांदा दिलात, सगळं निभावलंत. ते मी विसरत नाही, आणि पुढचं वाचताना तुम्हीही हे वाक्य विसरू नका. महिन्याभराने तुम्ही फोन केलात: "दोन ओळी लिहून पाठव, उझमाचं मीच बघीन म्हणून." मी तेव्हा काहीही लिहून दिलं असतं. लिहिलं, "उझमाच्या लग्नाचा सगळा अख्त्यार चाचांना. मला जमणार नाही." खाली सही.

मला वाटलं, तुम्ही मोठे, तुमचाच हक्क, मी फक्त मान डोलावतोय. उझमाने गेल्या महिन्यात विचारलं, "भाई, तू कधी किताब उघडून बघितलीस का? आपण शाफई. बाप नाही, आजा नाही, मग वली भाऊ. चाचा भावाच्या मागून येतो." मी म्हटलं, "मी? मी दहावी नापास माणूस." ती म्हणाली, "वलीला दहावी लागत नाही. हजर राहावं लागतं."

तुम्हाला हे ठाऊक होतं. म्हणूनच तुम्हाला त्या दोन ओळी हव्या होत्या. मी तुम्हाला दोष देत नाही, पळणारा माणूस मागे जे टाकून जातो ते कुणीतरी उचलतंच. पण आता मी ते परत मागतोय.

तबूकहून दिलेला अख्त्यार मी आजपासून काढून घेतला. उझमाने तौकीरला पसंत केलंय आणि तिचा वली म्हणून मी या निकाहाला राजी आहे. निकाह २३ तारखेला, जुम्म्याच्या नमाजनंतर, खालच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत. माझं विमान १८ला दमामहून. मी येतोय. तुम्ही हसाल, म्हणाल कादिर मुंबईला उतरून गोव्याला जाईल. मलाही माझी पूर्ण खात्री नाही, म्हणून काजीसाहेबांना वेगळा कागद शारीकबरोबरच पाठवलाय, दोन साक्षीदारांच्या सह्यांचा: मी वेळेवर पोचलो नाही तर माझ्या वतीने त्यांनीच निकाह लावून द्यावा. म्हणजे मी चुकलो तरी उझमाचं चुकणार नाही. पण मी येतोय.

जमातीतून बाहेर टाकणार, असा तुमचा निरोप शारीकच्या भावाकडून कळला. टाका. इथे गेल्या आठवड्यात एका शिक्क्याने मला सांगितलं की तू इथला नाहीस. वाईट वाटलं, पण समजलं. मुलुख त्यांचा. तुम्ही तौकीरच्या बापाला तेच सांगता, त्या बंदरावर, जे त्याच्यासारख्याने हातात बांबू घेऊन वसवलं! इसप त्याचा कोण लागतो हे मला माहीत नाही, मला ते जुळवायचंही नाही. आणि ताईंनी कौलात अरबस्तानचा बादशहा वाचून दाखवला असता तरी मी हेच पत्र लिहिलं असतं. फक्त इतकं हसू आलं नसतं.

स्मरणिकेत काय छापायचं ते तुम्ही ठरवा. कौलाची नक्कल सोबत जोडलीय, ताईंनी नीट अक्षरात लिहून दिलीय, खाली मोडी वाचणारीचं नाव आहे. खुर्चीची गोष्ट छापलीत तर मी ही नक्कल मांडवीच्या जुन्या खांबावर चिकटवीन. ते काम मला चांगलं जमतं, खोबरमध्ये दुकानाच्या जाहिराती मीच चिकटवायचो.

२३ला पहिल्या रांगेत एक जागा तुमची धरून ठेवतो. चिऱ्याच्या घरापासून खालच्या मशिदीपर्यंत उताराचा रस्ता आहे, गुडघे सांभाळून या. नाही आलात तर जागा रिकामी राहील, तिथे दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. तौकीरच्या अब्बांना मात्र निकाहानंतर मी आपल्या घरच्या ओसरीवरून आत आणणार आहे. चपलांसकट.

कादिर इब्राहिम मुकादम,
इसप दालद्याच्या घरचा,
उझमाचा वली