मिठाने खाल्लेले ब्रेक

८ मार्च, शनिवार
गाडी मागून किंचाळते. तीन आठवडे सांगतेय. नवरा, रेआल, म्हणायचा, "जिनेट, आधी कान तपासून घे!" आज ब्रेकचे पॅड पार झिजले, लोखंड लोखंडावर घासायला लागलं — तेव्हा साहेबांना ऐकू आलं. गॅरेजला न्यायची नाही म्हणे. "सडबरीच्या बर्फात पन्नास हिवाळे काढलेत मी!" काढले खरे. सोफ्यावर.

९ मार्च
मागच्या चाकाची ब्रेकची डिस्क रेआलला निघेना. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ हिवाळाभर आत बसलंय, गंजून चिकटलीये. गाडी खालून धुऊया म्हटलं की नवरा हसायचा — "मीठ सूपमध्ये घालतात, घाबरतेस काय!" आज त्याच मिठाला शिव्या. शेवटी हातोडा अंगठ्यावर बसला. आत आला, टीव्हीवर हॉकी लावली. गाडी अंगणात, एक चाक काढलेली.

११ मार्च
अजून तश्शीच!

१२ मार्च
ह्युगेट मावशीला बोलावलं. खाणीच्या गॅरेजात तीस वर्षं ट्रक दुरुस्त केलेत तिने. वाकून पाहिलं आणि खो खो हसली. "अगं, हँडब्रेक ओढलेला आहे! आतून त्याने धरलंय, बाहेरून हा ठोकतोय!" रेआल खिडकीत होता. पडदा ओढला.
मावशीने स्वतः हात लावला नाही. "तूच कर. पुढच्या चाकांना ठोकळे लाव, मग हँडब्रेक सोड." गंजावर तेल मारलं, थांबले, ठोकलं, फिरवलं, पुन्हा ठोकलं — सुटली! आतला गंज तारेच्या ब्रशने घासला, ग्रीसचा पातळ हात दिला. "पॅडला ग्रीस लागलं तर थेट झाडावर जाशील," मावशी म्हणाली. नवी डिस्क, नवे पॅड. कोपरापर्यंत काळी झाले.

१३ मार्च
दुसरी बाजू एकटीने केली. मग टेकडीच्या उतारावर नेऊन ब्रेक दाबला. थांबली! सरळ! गाडीत एकटीच ओरडले.

१५ मार्च
रेआल फोनवर भावाला सांगत होता, "अर्ध्या दिवसात बसवले मी. जिनेटने टॉर्च धरला." मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले.

१६ मार्च
पारा शून्याच्या वर. गाडी खालून दोनदा धुतली, सगळं मीठ काढलं. रेआल म्हणतो, "एवढी नटवून कुठे नेणार आहेस? बाजारातच ना?"

१८ मार्च, मंगळवार
मॅटावा, ओटावाच्या वाटेवरचं गाव. कॉफीला थांबले. येत्या सोमवारपासून ओटावात नोकरी, खोलीही ठरलीये. रेआलला वाटतंय मी दूध आणायला गेलेय.