खोगीरभरती

३ नोव्हेंबर
एव्हरशाईन सिटीतल्या या फ्लॅटमध्ये आज सामान लावून झालं. फ्लॅट पियुषच्या ओळखीने मिळाला. तो विरारचा, घरची केळीची वाडी. गेली कैक वर्षं आम्ही दोघं मिळून एक ओपन सोर्स कंपायलर सांभाळतो, पण आजवरची भेट स्क्रीनवरच. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्रॅम. आमचा फुकट आहे, कोणीही वापरावा. त्यामुळे तक्रारीही कोणीही करतं. आता वर्षभर पूर्णवेळ हेच करायला एका संस्थेने मला पाठबळ दिलंय.

घरमालकीण फ्लॉसी आंटी खालच्या मजल्यावर राहतात. एकटीच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग बरंय, भांडण नाय." माणिकपूरहून दोन कप आणि दोन खुर्च्या आणल्या. एक माझ्यासाठी, एक येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. मी खूश आहे.

९ नोव्हेंबर
काम जोरात. प्रोग्रॅमचा जो भाग कोणीच वापरत नाही, तो कंपायलर काढून टाकतो. उगाच खोगीरभरती कशाला? पण आमचा फार भिडस्त. जरा शंका आली की राहू दे म्हणायचा. मी त्याला कडक केला. पियुषने तपासून होकार दिला, कारण आमच्यात दुसऱ्याच्या होकाराशिवाय एक ओळही बदलत नाही. मग रिवाजाप्रमाणे नवा कंपायलर त्या कंपायलरकडूनच पुन्हा बनवून घेतला आणि माझ्या लॅपटॉपवरचे सगळे प्रोग्रॅमही त्यातूनच नव्याने बनवले. आपण केलेली भाजी आधी आपण चाखावी. सगळं निम्म्या आकाराचं झालं.

काल दिवसभर कोणाशी बोलले नाही, हे आत्ता लक्षात आलं.

१७ नोव्हेंबर
दुसरा कप सापडत नाही. फुटला असता तर तुकडे तरी दिसले असते. खुर्चीही एकच आहे. आंटींना विचारलं, तर म्हणाल्या, तू एकच आणली होतीस. एकटं राहिलं की डोकं फिरतं म्हणतात, तसं असेल म्हणून मीच हसले.

पण दाराची बेलही नाही. तिथे भिंत आहे, सपाट, रंग जुनाच. आल्यापासून ती एकदाही वाजली नव्हती.

२१ नोव्हेंबर
जे मी वापरते ते राहतं. बाकीचं जातं. पाहुण्यांसाठीची गादी गेली. फोनमधले बरेच नंबर गेले. रीमा माझी शाळेपासूनची मैत्रीण, तिचा नंबर तोंडपाठ होता. आता पहिला आकडाही आठवत नाही. कितीतरी दिवसांत आम्ही एकमेकींना फोन केला नव्हता.

हे लॅपटॉपमधून बाहेर कसं आलं, कळत नाही. माझा बदल मागे घ्यायची विनंती टाकली आहे. पियुषने होकार दिला की झालं.

२४ नोव्हेंबर
होकार आला नाही, म्हणून पियुषला फोन केला. कोण बोलतंय, असं त्याने विचारलं. कंपायलर तो एकटाच सांभाळतो म्हणे. अगदी सभ्यपणे बोलला. मी जुन्या नोंदी उघडल्या. माझ्या प्रत्येक दुरुस्तीवर त्याचं नाव आहे. दुरुस्त्या तेवढ्या जागच्या जागी आहेत, त्या लोकांना लागतात.

मला भीती वाटते आहे.

२७ नोव्हेंबर
रिक्षांना हात केला — एकही थांबली नाही.
आंटी दोघांना फ्लॅट दाखवायला आल्या. स्वतःच्या चावीने आत आल्या. बरेच महिने रिकामा आहे, सांगत होत्या. मी ओट्यापाशी उभी होते. आंटी, आंटी म्हटलं — वारा येतो म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

२९ नोव्हेंबर
तरीही मी आहे. म्हणजे मी अजून कोणाला तरी लागते —
आई. भजनाचं रेकॉर्डिंग मंडळाच्या ग्रुपवर कसं टाकायचं, हे ती दर रविवारी मला फोन करून विचारते. दर रविवारी नव्याने. मी चिडायचे तिच्यावर. माझ्याशिवाय तिला ते जमत नाही — नाहीच जमत.
उद्या रविवार.

३० नोव्हेंबर
आला फोन — हेमे म्हणाली — माझं नाव — रडूच आलं.
भजन छान झालं म्हणाली. कल्पेश घरी आलाय, माझा भाऊ — त्याने फोनमध्ये काहीतरी करून दिलंय, आता आपोआप जातं — काही दाबावंही लागत नाही. आता दर रविवारी तुझं डोकं खाणार नाही, म्हणाली. इतकी आनंदात होती —
मी म्हटलं, आई, खा ना डोकं. काहीतरी विचार. काहीही — अडलं असेल काही तर —
ती कल्पेशला विचारत होती, अरे, मी हा फोन कोणाला —
आई मी अजून इथे