मडक्यांचा आठ

अण्णा, आज डोळे दाखवायला धाराशिवला, म्हणजे आपल्या उस्मानाबादला, गेलो होतो. परत येताना आरटीओच्या मैदानावर प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडलेले दिसले. एक पोरगी त्यांच्यामधून गाडी वळवत होती. गाडी एका शंकूला लागली, तो आडवा झाला, कुणीतरी उचलून परत उभा केला आणि सगळे हसले. मी कुंपणापाशी उभा होतो, आणि शंकू पडल्याबरोबर तुमच्या या पोरानं कुंपणाची तार घट्ट धरली. या वयात! घरी आलो तो चहासुद्धा न घेता तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली, तरी.

आपल्या वेळी शंकू कुठले? जनावरांना लस टोचायच्या नोकरीत मला घेतलं होतं ते अटीवर. खात्यानं पंधरा दिवसांसाठी फटफटी दिली होती. उस्मानाबादला लायसनच्या परीक्षेत पास झालो तर नोकरी पक्की, नाहीतर फटफटी परत आणि तिच्यामागं मीही परत. जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यातून अगदी हळू जायचं आणि पाय टेकू द्यायचा नाही, एवढीच परीक्षा. तुम्ही आपल्या मोकळ्या खळ्यावर आईची तेरहून आणलेली मडकी मांडलीत, तीही काठोकाठ पाण्यानं भरून. मी म्हणालो, विटा मांडू की. तर तुम्ही म्हणालात, "विटेला कोण भितंय? जरा भिऊन शिक." पाणी मारुतीमागच्या बारवेतून यायचं आणि ते आणायची आई. तिसऱ्या दिवशी मी एक मडकं फोडलं. अजून दिसतं मला ते. पाणी मातीत पसरतंय, आई ओट्यावरून उठते, घागर कमरेवर घेते आणि बारवेकडं चालायला लागते. तुम्ही ओरडता, "खापराकडं काय बघतो? मडक्याकडं बघशील तर मडक्यावरच जाशील. जायचंय तिकडं बघ."

तुमचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. निजामाच्या वेळी तुम्ही तहसिलीची डाक फटफटीवरून न्यायचात, आणि भरधाव जाताना पडलात असं सगळं गाव सांगायचं. तुम्हीही कधी खोडून काढलं नाहीत. मडकं फुटलं त्या संध्याकाळी मात्र मला म्हणालात, "कचेरीच्या आवारात वळवताना पडलो म्या. चालत्या माणसापेक्षा हळू होतो. जोरात असली की फटफटी आपली आपण उभी राहती. हळू असली की तिला माणसानं धरावं लागतंय." मग म्हणालात, "तवापासून बसलो न्हाय. लई भ्या वाटतं." तुमच्या तोंडून असलं काही मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला धसकाच बसला. तुम्हीच भीत असाल तर माझं काय होणार? माझा चेहरा तुम्हाला दिसला असेल, कारण लगेच म्हणालात, "तू पाय न टेकता पास होऊन ये. मी तुझ्या मागं बसतो."

परीक्षेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीनं आठ आखला होता आणि कडेनं रिकामे डबे ठेवले होते. क्लच अर्धा धरला, डावा पाय मागच्या ब्रेकवर (त्या फटफटीला तो डावीकडंच होता), तुम्ही सांगितलं होतं तसंच. पहिलं वळण निघालं. दुसऱ्या वळणात मी डब्याकडं पाहिलं. नेमके त्याच वेळी परीक्षा घेणारे साहेब सिगारेट पेटवायला वाऱ्याकडं आणि माझ्याकडं पाठ करून उभे होते. लायसन मिळालं.

तुम्ही दारातच होतात. "पाय टेकला?" मी म्हणालो, "न्हाय." तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलंत, मग खाली माझ्या बुटांकडं. काठी भिंतीला लावलीत आणि म्हणालात, "चल." आपण तेरणेच्या काठापर्यंत गेलो. तुमचा आखडलेला पाय बाहेर आलेला. उजवीकडं पडलो असतो तर तोच पाय खाली आला असता, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. नदीपाशी एका बैलगाडीनं रस्ता अडवला होता, म्हणून त्या अरुंद जागेतच फटफटी वळवावी लागली. तुमची बोटं माझ्या खांद्यात रुतली. "जायचंय तिकडं बघ," तुम्ही म्हणालात. मी बघितलं. वळलो आपण. घरी आल्यावर आईनं आधी तुमचा पाय पाहिला आणि मग आमटी तापत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट पुसायला घेतले. डाव्या बुटाच्या टोकाला पांढरी फक्की लागलेली होती.

त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात. मी लस टोचत पार परंड्यापर्यंत फटफटीवर फिरलो, एकदाही पडलो नाही, आणि तरी प्रत्येक वळणाला घाबरलो. तुम्ही ती फक्की पाहिली होती का, हे किती वेळा ओठांवर आलं. पण नाही म्हणाला असतात तर खोटं बोलून मी तुमचा पाय पणाला लावला होता. हो म्हणाला असतात, तर सगळं कळूनही तुम्ही माझ्या मागं बसला होतात, आणि ते ऐकायची तर माझी अजिबात छाती नव्हती.

हे कागद लशीच्या जुन्या पेटीत ठेवून देतो. पाठवणार तरी कुठं?

अण्णा, पाय टेकला होता. डावा.