पापण्यांची टक्केवारी

१ फेब्रुवारी २०२६, रविवार. सकाळी ७.१०

काल नवी गाडी घरी आली. घरी म्हणजे टॉवरच्या चौथ्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये. आमचे घर बाविसाव्यावर. पूर्वी करी रोडच्या चाळीत खिडकीतून हात बाहेर काढला तर स्कूटरचा आरसा पुसता येत असे. असो.

गाडीत चालकाला डुलकी लागते आहे का, हे ओळखणारी यंत्रणा आहे. हेच मॉडेल घ्या, असा दीपिकाचा आग्रह होता. एकतीस वर्षे पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवलेल्या बापाला कशाने आनंद होईल, हे मुलीला बरोबर कळते. यंत्रणेचा मला वैयक्तिक उपयोग शून्य. सत्तावीस वर्षे गाडी चालवतो आहे. माझा डोळा एकदाही लागलेला नाही.

संकल्प: एक, मॅन्युअल संपूर्ण वाचणे (पाने ४१२). दोन, रविवार २२ तारखेला नाशिकला स्वतः गाडी नेऊन पत्नी बकुळाला घरी आणणे. दीपिकाच्या बाळंतपणासाठी ती दिवाळीनंतर, २ नोव्हेंबरला, सहा आठवड्यांकरता गेली. नात श्रेया आता तीन महिन्यांची झाली. सहा आठवडे अद्याप संपलेले नाहीत.

अडचण: नवी गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही. प्रत्येक लांबच्या प्रवासात बकुळा मला क्लच कसा चालतो ते विचारायची. मी दोन थाळ्या एकमेकींवर दाबून फिरवण्याचे उदाहरण द्यायचो. कसारा घाट संपेपर्यंत स्पष्टीकरण पुरायचे. सत्तावीस वर्षांत तिला कळला नाही, पण जिज्ञासा कायम राहिली. आता तिला काय समजावून सांगावे, याचा विचार करायला हवा.

३ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४.००

मॅन्युअल वाचून झाले. यंत्रणा अत्यंत सुंदर आहे. इथे क्रमाने नोंदवतो.

तिला दोन बाजूंनी माहिती मिळते. पहिली बाजू स्टिअरिंगची. जागा माणूस चाक सतत बारीक बारीक हलवत असतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही. झोप येऊ लागली की ही बारीक हालचाल थांबते, गाडी हळूहळू एका बाजूला सरकते आणि मग माणूस दचकून चाक झटक्याने फिरवतो. शांतता आणि झटका, शांतता आणि झटका, हा नमुना दिसला की गाडी ओळखते. ही बाजू ताशी साठच्या वर वेग गेल्यावरच काम सुरू करते. प्रवासाच्या आरंभी काही मिनिटे ती तुमची नेहमीची पद्धत शिकून घेते आणि पुढचे सगळे तिच्याशी ताडून बघते. आदर्श विद्यार्थी!

दुसरी बाजू कॅमेऱ्याची. स्टिअरिंगच्या मागे एक लहान कॅमेरा आहे. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश चेहऱ्यावर टाकतो, त्यामुळे अंधारातही त्याला दिसते. तो पापण्या मोजतो. साधी उघडझाप सेकंदाच्या छोट्या अंशात उरकते. एका मिनिटात पापण्या जवळजवळ पूर्ण मिटलेल्या किती वेळ राहिल्या, याची टक्केवारी काढली जाते. टक्केवारी वाढली, जांभया आल्या, मान खाली गेली, की आवाज होतो, पडद्यावर कॉफीचा कप दिसतो आणि एक बाई इंग्रजीत विनंती करते की आपण थोडी विश्रांती घ्यावी.

हे सर्व आकृतीसह फळ्यावर वीस मिनिटांत शिकवता येईल. आकृती जुन्या कॅलेंडरच्या मागे काढून ठेवली आहे. दाखवायला कोणी नाही.

रात्री साडेतीन तास झोप झाली. बौद्धिक काम करणाऱ्यास ती पुरते.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सायंकाळी ६.३०

फ्रीवेवर पहिली चाचणी. कॉफीचा कप दोनदा दिसला.

कारण तात्काळ लक्षात आले. माझे डोळे मुळात बारीक आहेत. शिवाय मी विचारात होतो. विचारमग्न चेहरा आणि झोपाळू चेहरा यांतील फरक यंत्रास अजून समजत नाही. कंपनीला सविस्तर ईमेल लिहिला. शब्द ९४०.

आज दिवसभरात माझ्याशी बोलले ते असे: वॉचमन (इंटरकॉमवरून, कुरिअरबद्दल) आणि गाडी (दोनदा).

पोहे केले. अंदाज पुन्हा दोन माणसांचा झाला.

७ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.१५

दीपिकाचा फोन. गाडीचे ॲप तिच्या मोबाइलवरही आहे, ही माहिती मला आज मिळाली. प्रत्येक इशारा तिला नाशिकमध्ये दिसतो. तिने अट घातली: सोमवार ९ ते रविवार १५, रोज गाडी काढायची. सात दिवसांत एकही इशारा आला नाही, तरच २२ तारखेला घाटात गाडी आणायची. नाहीतर आई येणार नाही, तुम्ही बसने या. मी म्हणालो, अट शास्त्रीय आहे, मान्य. ती म्हणाली, नाना, झोपता ना नीट? मी विषय बदलून श्रेयाच्या लसीकरणाकडे नेला. बकुळा मागून म्हणाली की त्यांना विचार, दुपारची औषधे घेतात का. घेतो. आठवली की घेतो.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.००

इशारे: एक. कोस्टल रोडवर, बोगद्यातून बाहेर पडताच.

बोगदा दोन किलोमीटरच्या आसपास असल्याचे सांगतात. मला तो बराच लहान वाटला. आत शिरल्याचे स्पष्ट आठवते आणि बाहेर समुद्र दिसल्याचेही. मधला भाग फारसा नाही. लांबी पुन्हा मोजून घ्यायला हवी.

ताशी साठ वेगाने तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. हे विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे. इथे त्याचा संबंध नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.४०

मॅन्युअल, पान २८७: चालकाने बेल्ट सोडून दार उघडले की यंत्रणा त्याने विश्रांती घेतली असे मानते आणि मोजणी शून्यावर आणते. अत्यंत उपयुक्त तळटीप.

त्यानुसार लालबागच्या सिग्नलला थांबलो असता बेल्ट सोडला, दार उघडले, मिटले, बेल्ट लावला. पुढच्या सिग्नललाही. तिथे एका मोटारसायकलस्वाराने माझ्या दिवंगत मातोश्रींचा अकारण उल्लेख केला. तिसऱ्या सिग्नलला हवालदार जवळ आले. काका, बरं वाटत नाहीये का, उतरायचंय का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना पान २८७ समजावून सांगू लागलो. तेवढ्यात सिग्नल सुटला. हॉर्नच्या आवाजात त्यांनी मला हातानेच पुढे जायला सांगितले. त्यांनी ऐकून घेतलेला भाग तरी त्यांना पटला असावा.

पण सिग्नल संपतात आणि फ्रीवे सुरू होतो. तिथे दार उघडता येत नाही. इशारे: दोन.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.००

नवी युक्ती. यंत्रणा आरंभीची काही मिनिटे माझी पद्धत शिकते. मग त्या मिनिटांतच मी झोपाळू माणसासारखी गाडी चालवली, तर पुढील सर्व वेळ मी तिला तुलनेने जागा वाटेन. तर्क निर्दोष आहे.

फ्रीवेवर चढताच शांतता आणि झटका, शांतता आणि झटका, असे काटेकोरपणे केले. एका टॅक्सीवाल्याने शेजारून येऊन विचारले, चाचा, दारू पी है क्या? चौथ्या मिनिटाला कॉफीचा कप. आजवरचा सर्वांत जलद इशारा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८.००

स्वतंत्र निरीक्षक म्हणून बाबुराव सोबत आले. चाळीत आमची दारे समोरासमोर होती. आता ते एकोणिसाव्यावर. पस्तीस वर्षे बेस्टची बस चालवली. खाली भेटल्यावर जय भीम म्हणाले आणि गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत गप्प बसले नाहीत. कोणत्या डेपोत चहा चांगला मिळायचा, कोणता कंडक्टर पळून गेला आणि कोणासोबत. मध्येच माझ्या मांडीवर थाप. मध्येच ‘ऐकतोयस ना रे?’

माझ्या एकाग्रतेत सतत व्यत्यय आला. तरीही इशारे: शून्य.

त्यांनी आपण होऊन विचारले की, नाशिकला मी येऊ का सोबत, मला कुठे काय काम आहे? मी नम्रपणे नकार दिला. अशाने प्रयोगाची शुद्धता राहत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.३०

आकडे मांडले. एकटा असताना: दोन, एक, दोन, एक. बाबुराव असताना: शून्य. बदललेला घटक एकच, डावी सीट. निष्कर्ष उघड आहे. डाव्या बाजूला वजन नसल्यामुळे गाडीचा तोल बिघडतो, स्टिअरिंगचा नमुना बदलतो आणि यंत्रणेचा गैरसमज होतो. इतके सोपे उत्तर आधी सुचले नाही, याचे वाईट वाटते.

तांदळाची पंचवीस किलोची गोण आणवली. डाव्या सीटवर ठेवली. बेल्ट नसेल तर गाडी टुणटुण करते, म्हणून तिला बेल्ट लावला.

पार्किंगमध्ये बाबुराव भेटले. त्यांनी काचेतून आत पाहिले, पाहुणे कोण म्हणून विचारले. मी त्यांना तोल, वजन, सर्व समजावले. त्यांनी संपूर्ण ऐकले. त्यांची ऐकण्याची वृत्ती चांगली आहे. मग म्हणाले, “नाना, तांदूळ बोलत नाहीत रे.”

या वाक्याचा प्रस्तुत विषयाशी संबंध लागत नाही.

इशारे: तीन. शेवटच्या वेळी जाग आली तेव्हा (खोडून) लक्ष गेले तेव्हा गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर होती. गोण जागच्या जागी होती.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गाडी काढली नाही. कारण: हवामान.

१५ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ७.००

आजही काढली नाही. गाडी न काढल्यामुळे इशारे शून्य, ही सलग दुसऱ्या दिवसाची उत्तम कामगिरी आहे, असे दीपिकाला फोनवर सांगितले. ती हसली नाही. तेरा तारखेची तिसरी नोंद कुठे झाली, कोणत्या वळणावर, हे तिला ॲपवर दिसले होते.

मी कॅमेऱ्याच्या मर्यादा, बारीक डोळे, वजनाचा तोल, सर्व मुद्दे मांडले. म्हणालो, सत्तावीस वर्षांत एकदा तरी झोपलो का, आईला विचार. आई शेजारीच बसायची.

दीपिका म्हणाली, “नाना, आई तुमच्या शेजारी जागी बसायची, म्हणून तुम्ही जागे राहायचात. तुमची मान जराशी कलली की ती प्रश्न विचारायची. क्लच तिला माझ्यापेक्षा चांगला समजतो. माझ्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेआधी मला तिनेच शिकवला. थाळ्यांचं उदाहरण देऊन.”

फोन ठेवला. लाइन खराब होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.४०

जुन्या प्रवासांची यादी केली. नाशिक अकरा वेळा, महाड सहा, नागपूर एकदा, दोन मुक्काम धरून. प्रत्येक वेळी स्पष्टीकरण किमान चाळीस मिनिटे. या सगळ्या काळात ती बाहेर बघू शकली नाही. तिला घाट आवडतो, असे ती नेहमी म्हणते. तिने तो नीट पाहिला असेल का, याची आकडेवारी उपलब्ध नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.००

तडजोड झाली. जावई हर्षवर्धन रविवारी पहाटेच्या बसने मुंबईत येतील आणि गाडी तेच चालवत नेतील. गाडी काही महिने तिकडेच राहील. श्रेयाला डॉक्टरकडे न्यायला त्यांना सोय हवी आहे. मी सोबत जाणार.

हा निर्णय मी स्वखुशीने घेतला. प्रवासात हर्षवर्धनना यंत्रणा पहिल्यापासून समजावून सांगता येईल. ते कॉम्प्युटरवाले आहेत, पण पाया कच्चा आहे. टिपणे काढली: पाने सहा. बकुळाशी करावयाच्या चर्चेचेही मुद्दे काढले: पान एक. पहिला मुद्दा, ती परत कधी येणार. बाकीची जागा रिकामी आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार. नाशिक, दुपारी ३.२०

सकाळी ९.०५ ला निघालो. हर्षवर्धन उजवीकडे, मी डावीकडे. स्टिअरिंगची बाजू पूर्ण केली. कॅमेऱ्याच्या बाजूस आरंभ केला. इन्फ्रारेडपर्यंत पोहोचल्याचे आठवते. त्या वेळी मुलुंड मागे पडले होते.

त्यानंतरची आठवण थेट नाशिकची. गाडी सोसायटीच्या आत उभी होती आणि खांद्यावर कोणाचा तरी हात होता.

एकशे साठ किलोमीटरच्या या प्रवासात यंत्रणेने एकही इशारा दिला नाही. ती डाव्या सीटकडे बघत नाही. तशी तिची रचनाच नाही.

हर्षवर्धननी सांगितले की भिवंडीला, मग कसाऱ्याला चहासाठी थांबून मला दोनदा हाक मारली होती. नंतर त्यांनी रेडिओही बंद ठेवला.

जेवण झाले. श्रेया माझे बोट धरून राहिली. दीपिकाला मार्चमध्ये ऑफिस सुरू करायचे आहे. बकुळा जूनपर्यंत येऊ शकत नाही. हे तिने स्वतःच वरणाचे भांडे पुढे करता करता सांगितले. मी म्हणालो, स्वाभाविक आहे. मुद्द्यांचे पान खिशातच राहिले.

नंतर ती बाल्कनीत माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला यंत्रणेतील त्रुटी क्रमाने सांगू लागलो: बारीक डोळे, विचारमग्न चेहरा. तिने मध्येच थांबवले. असे ती कधी करत नाही.

“अहो, किती दिवस झोपला नाहीत?”

आकडा माझ्याकडे होता, २ नोव्हेंबरपासूनचा. तो शोधावा लागला नाही.

“एकशे बारा,” मी म्हणालो.

माझी मान जराशी कलली, तरी बकुळाने पुढचा प्रश्न विचारला नाही.