सिनेमा थांबवला त्या दुपारी

नांदगाव खंडेश्वर,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय गुलनार,

तुला आणि अम्मीला माझा सलाम. अब्बांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं अमरावतीत तुझ्या मामेबहिणीकडून कळलं. चालायला लागले का? आमच्याकडे कपाशीची वेचणी सुरू आहे. मजूर मिळत नाहीत म्हणून आई सकाळपासून कुरकुरते आणि मग स्वतःच कमरेला कापसाची ओटी बांधून वावरात जाते. मी अजून इथल्या वाचनालयातच आहे. बी.एड. करून पुस्तकांना कव्हरं घालते म्हणून तू हसायचीस, ती अजून घालतेच आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय, असं म्हणणार होते. पण अडीच वर्षांत मी फोन केला तोही दोनदाच. बोलताना मी सोयीचं तेवढंच बोलते, म्हणून लिहायला बसले.

परवा रविवारी इथं जे झालं, ते तुलाच आधी सांगायचं आहे.

वाचनालयाला यंदा मोठा पडदा आणि प्रोजेक्टर मिळाला. अध्यक्ष नत्थुजी म्हणाले, सभासदांना घरच्यांसह एक सिनेमा दाखवू. कोणता, तर तोच. आपण तुझ्या अकोल्यात पाहिला तो. बादशहाचे शिपाई साधूला खांबाला बांधून छळतात, तो. मी म्हटलं, दुसरा लावू. आमचा सचिव योगेश म्हणाला, "काहून? आपल्या साधूचा सिनेमा आपल्या गावात नाही लावाचा त कुठी लावाचा?" पुढचंही त्यानं ठरवून टाकलं होतं. सिनेमा संपला की तिथूनच ढोल लावून मिरवणूक, थेट मशिदीसमोरून. मी गप्प बसले. प्रोजेक्टर चालवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, तेही हो म्हटलं.

दुपारी दोनला हॉल भरला. दीडशे तरी माणसं. जुबेरभाई शिंपी बायकोला आणि मिस्बाहला घेऊन आले होते. मिस्बाह म्हणजे त्यांची मुलगी, अमरावतीला नर्सिंग शिकते. वीस वर्षांपासूनचे सभासद ते, का नाही येणार?

मी पडद्याच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसले होते. तिथून मला सिनेमा कमी आणि माणसंच जास्त दिसत होती. तापलेल्या सळईचा प्रसंग आला. बायकांनी पदर तोंडाला लावले. मिस्बाहही रडत होती, अगदी हुंदके देऊन. तेवढ्यात पडद्यावरचा शिपाई हसला आणि कोणीतरी ओरडलं, "पाहा, पाहा यायचे बापजादे!" मग घोषणा सुरू झाल्या. पुढच्या चार-पाच रांगा एकदम मागं वळल्या. साधूकडे कोणी बघेना, सगळे जुबेरभाईंच्या घरच्यांकडे बघायला लागले. मिस्बाहनं घाईघाईनं डोळे पुसले आणि मान खाली घातली.

तूही तसेच पुसले होतेस.

मी सगळ्यांना सांगत आले की अकोल्यात त्या दिवशी गर्दीत आपली चुकामूक झाली. आईला, आपल्या होस्टेलच्या मैत्रिणींना, सगळ्यांना. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. चुकामूक झाली नव्हती. पडद्यावर शिपायाचा गळा कापला तेव्हा मी टाळ्या वाजवत होते, गुलनार. तू त्याआधी साधूसाठी रडलीस, हे मी पाहिलं होतं, तरी वाजवत होते. मग मागच्या माणसानं तुझ्याकडे बोट करून मला विचारलं, "ताई, हे तुमच्यासंगं आहे काय?" तू माझ्याकडे बघत होतीस. मी "नाही" म्हटलं आणि उठून दोन रांगा पुढं जाऊन बसले. संपल्यावर मागं न बघता बसस्टँड गाठलं.

लिहिलं एकदाचं.

रविवारी माझा हात आपोआप बटणावर गेला. पडदा काळा झाला. मी उठून दिवे लावले.

"मशीन बिघडलं काय?" कोणीतरी विचारलं.

"नाही. मी सिनेमा बंद केला."

योगेश तरातरा आला. "चालू करा मॅडम, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाही येत उद्यापासून. पन आज माहं आयका," मी म्हटलं. आणि दीडशे माणसांसमोर तुझी-माझी हकिकत सांगितली. टाळ्यांसकट, त्या "नाही"सकट. शेवटी म्हटलं, "तिच्यासाठी मी उठली नाही. आज बसून राहाणार नाही."

मग मिस्बाह उभी राहिली. जुबेरभाई तिला खाली ओढत होते, तरी राहिली. म्हणाली, "मी रडली त लोक म्हनतीन, नाटक करते. नाही रडली त म्हनतीन, हिले काहीच नाही वाटलं. मंग मी सिनेमा पाहाचा कसा, ते तरी सांगा."

धर्मपाल कंडक्टर चाचरत म्हणाले, "मी त बौद्ध मानूस. हे भांडन आपलं नाही म्हनून मजेत शेंगदाने खाऊन राहिलो होतो. मले बी लाज वाटते आता." जुबेरभाई बसल्याबसल्याच बोलले. "त्या शिपायाची मले शरम वाटून राहिली होती. पन तो माहा कोन लागते? मी त साधूले पाहाले आलो."

तेव्हा मैनाबाई उठल्या, नत्थुजींच्या आई. ऐंशीच्या पुढच्या. योगेशला म्हणाल्या, "सळई लावली तवा साधू काय म्हनला रे?"

योगेशनं काळ्या पडद्याकडे पाहिलं.

"कसं आयकशीन? वरडून राहिला होता. मी बी नाही आयकलं तुह्यापायी. दामिनी, माय, तेवढं पुन्हा लाव."

मी मागं घेतलं, पुन्हा लावलं. सळई धरलेल्या शिपायाला साधू म्हणतो, "लेकरा, तुझा हात भाजला रे." एवढंच. अकोल्यात घोषणांच्या आवाजात आपण दोघींनीही ते ऐकलं नव्हतं.

नत्थुजी चष्मा काढून डोळे पुसत होते. मिस्बाह रडली, आणि या वेळी तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. सिनेमा संपला तेव्हा ढोलवाले बाहेर तयार होते. नत्थुजींनी बाहेर जाऊन सांगितलं, "मिरवनूक नाही. वाजवा इथंच, साधूच्या नावानं." योगेश सात-आठ जणांना घेऊन निघून गेला. बाकी सगळे थांबले. वाचनालयाच्या अंगणात असा ढोल वाजला की समोरच्या दुकानांतली माणसं बघायला आली. जुबेरभाईंच्या बायकोनं मैनाबाईंचा हात धरून त्यांना पायरी उतरवली. आणि मी, जिनं गॅदरिंगमध्येही कधी पाऊल उचललं नाही, ती नाचले गं, अंगणाच्या मधोमध, सगळ्या गावासमोर!

काल सकाळी किल्ली परत द्यायला गेले तर नत्थुजी म्हणाले, "येडी आहेस काय? वाचनालय कोन उघडीन?" योगेश अजून बोलत नाही. बोलेल किंवा नाही बोलणार.

जिंकले असं वाटतंय, आणि तसं लिहायला लाजही वाटत नाही. फक्त जिच्यासाठी उभं राहायला हवं होतं, ती त्या हॉलमध्ये नव्हती. मिस्बाहसाठी केलं म्हणून तुझं फिटलं, असं मी समजत नाही.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी बावीस तारखेला, अमरावतीहून सकाळच्या बसनं अकोल्याला येतेय. अब्बांना बघायचं आहे आणि अम्मीसमोर सगळं खरं सांगायचं आहे. तू नको म्हटलंस तरी बस चुकवणार नाही. दार उघडायचं की नाही, ते मात्र तुझं तू ठरव.

उशिरा का होईना, ताठ मानेनं येणारी,
तुझी
दामिनी