डाव्या बाजूचं गाणं

३ मार्च, सोमवार

सात कवळ्या झाल्या. चार वरच्या, तीन खालच्या. एका आजोबांची तिसऱ्यांदा परत आली — "टोचते." टोचत काही नाही, त्यांना सवयच करून घ्यायची नाही. हिरडीजवळ थोडं घासून दिलं. डबा एकटीने खाल्ला. भाजीत मीठ नव्हतं.

संध्याकाळी मेहुणे आले. धाकटीचं कपाट आवरताना एक पाकीट सापडलं म्हणून घेऊन आले. आत आमच्या बाईच्या गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं. बावीस तारीख, दुपारी चार. ऑक्टोबरात काढलेली. तेव्हा धाकटी चालत होती.

मेहुणे दारातच उभे. "ताई, तुम्ही जाऊन या."

मी म्हटलं, बघू.

"तिने सांगून ठेवलंय. ताई 'बघू' म्हणेल, तर तिला म्हणावं, बघू नकोस, जा."

त्यांच्या तोंडून एकदम तीच बोलल्यासारखं झालं. मी पाकीट धरून उभी राहिले. चहा विचारायचाही राहिला. जिना उतरून गेल्यावर आठवलं.

४ मार्च, मंगळवार

तिकिटं पिठाच्या डब्याखाली ठेवली. मग तिथून काढून कपाटात, स्वेटरखाली. मला काय चोरांची भीती आहे?

९ मार्च, रविवार

सुट्टी खायला उठते. पूर्वी रविवारी धाकटी यायची. दार उघडलं की पिशवी माझ्या हातात आणि "हे बघ, तू आधी ओरडू नकोस —" अशी सुरुवात. आज दिवसभरात माझा आवाज मला एकदाच ऐकू आला. दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हटलं तेव्हा.

ड्रॉवरमध्ये तिचा जुना वायरवाला इअरफोन मिळाला. गाठी सोडवत बसले. एक तास गेला. बरं वाटलं.

माझा डावा कान सहाव्या वर्षी फुटला. तेव्हापासून त्या बाजूला भिंत. म्हणून धाकटी जन्मभर माझ्या उजवीकडे. रस्त्यात, बसमध्ये, जेवायला. इअरफोन दोघींत एक. उजवं बोंड माझ्या उजव्या कानात, डावं तिच्या डाव्या कानात. डोक्याला डोकं लावून बसायचो. आई म्हणायची, "बसा अशाच. एकीच्या उवा दुसरीला फुकट!"

ऐकायचो फक्त आमच्या बाईला. तिची सगळी गाणी पाठ. पण त्यातलं एक आमचं. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं. ते रेडिओवर कधी लागलं नाही, कुठल्या दुकानात वाजलं नाही. बाईलाही आठवत असेल की नाही कोण जाणे.

धाकटी ते चुकीचं म्हणायची. पहिली ओळ बरोबर. मग कडव्यात शिरली की निघाली भलतीकडे. सूर वर चढतो तिथे ही खाली. बाई थांबते तिथे हिचं चालूच. मी म्हणायचे, "अगं असं नाही, असं." आणि म्हणून दाखवायचे. ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच. "बहिरी मी का तू?" — शंभरदा विचारलं असेल.

एरवी मी गात नाही. कुणासमोरच नाही.

१४ मार्च, शुक्रवार

दुसरं तिकीट वाया जाऊ नये म्हणून प्लास्टरमामांना विचारलं. आमच्या लॅबमध्ये साचे ओतायचं काम त्यांचं. मी त्यावर दात बसवते. सतरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत. पॉलिशची मोटर माझ्या डाव्या हाताला आहे. तिने सगळ्यांचं डोकं उठतं, माझं नाही. मामा म्हणतात, "देवाने तुमचा एक कान घेतला आणि नोकरी कायम केली."

"मामा, बावीस तारखेला गाण्याला येता का?"

"कुणाच्या?"

नाव सांगितलं.

"ती अजून गाते? मला वाटलं गेली!"

बोलले आणि जीभ चावली. मी खाली बघून मेण तापवत राहिले. राग नव्हता आला. 

थोड्या वेळाने त्यांनी माझ्यापुढे एक साचा आणून ठेवला. गुळगुळीत, कुठे एक बुडबुडा नाही. अजून वाळतच होता. मामा माफी अशीच मागतात. घरी जाताना मात्र म्हणाले, "माझे गुडघे ऐकायचे नाहीत हो दोन तास. पण तुम्ही जा बाई. घरी बसून कोण बरं झालंय?"

१६ मार्च, रविवार

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

नऊ जानेवारी, दवाखाना, दुपार. धाकटी दोन दिवस जवळजवळ बोललीच नव्हती. आणि एकदम गायला लागली. आवाज कसला, नुसता वारा. तेच गाणं. आणि तसंच चुकीचं! नर्स सलाइनची बाटली बदलत होती, ती हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. मी तीन रात्री खुर्चीत काढल्या होत्या. पाठीचा काटा ढिला झाला होता. मी म्हणाले, "पुरे कर आता. तीस वर्षं झाली, एकदा तरी बरोबर म्हण."

ती गप्प झाली. माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलायला लागले.

मी बघितलं. बघितलं आणि पाण्याची बाटली भरायला म्हणून उठून गेले. नळाशी उगीच उभी राहिले. परत आले तेव्हा ती झोपली होती.

शनिवारी गेली. मधल्या वेळात माझ्याशी एवढंच बोलली — "ऊन येतंय गं, पडदा ओढ."

शेवटच्या दिवसांत मी तिला रडवलं. आणि जवळही बसले नाही.

२१ मार्च, शुक्रवार

उद्यासाठी कपडे बाहेर काढले. घडी घालून परत ठेवले.

२२ मार्च, शनिवार

गेले.

दारावरच्या माणसाने दोन्ही तिकिटं बघितली. "दुसरं कोण?" मी म्हटलं, "मागून येतेय." का खोटं बोलले? त्याला काय करायचं होतं! त्याने दोन्ही फाडून अर्धी परत दिली.

हॉल प्रचंड. मला वाटलं होतं सगळी तरुण मुलं असतील. तर माझ्याच वयाच्या बायका, कुणाकुणाचे नवरे झोपाळलेले. सगळ्या घोळक्याने आलेल्या. एकमेकींचे फोटो काढत होत्या. एकीने मलाच फोन दिला, "आमचा काढता का?" सहा जणींचा काढला. "छान आलाय हो! थँक्यू काकू." गेल्या. माझी खुर्ची कडेला, डावीकडे मोकळी वाट. उजवीकडची धाकटीची. तिच्यावर पर्स ठेवली. मग उचलून मांडीवर घेतली.

बाई आली तेव्हा सगळे उभे राहिले. मीही. पोस्टरपेक्षा फार लहान दिसते. सपाट बूट घातलेले. दुसऱ्या गाण्यानंतर दम लागला तर सरळ म्हणाली, "तुम्हीही म्हातारे झालात, मीही झाले. आता बसून गाऊया." स्टूल मागवलं. लोक हसले. मी धाकटीला कोपराने ढोसायला हात उचलला. नुसता हवेत.

मागच्या रांगेतून एक तिशीतली बाई वाकली. "मावशी, इथे कुणी आहे का? माझ्यापुढे खांब येतोय."

"आहे."

दोन गाण्यांनंतर पुन्हा. "ते येतील असं वाटत नाही हो."

"नाही येणार," मी म्हटलं. "बस."

ती बसली. प्रत्येक गाणं पाठ, मोठमोठ्याने म्हणत होती. माझ्याकडे बघून हात करायची, म्हणा ना! मी हसल्यासारखं केलं. सगळा हॉल गात होता. हजारो माणसं, आणि माझं तोंड बंद. तिथे मला जेवढं एकटं वाटलं तेवढं घरीही वाटत नाही. उठून निघणारच होते.

तेवढ्यात बाई म्हणाली, "आता एक असं, जे कुणी मागत नाही." पेटीवाल्याने पहिला सूर धरला आणि मी ओळखलं. आमचं!

पहिली ओळ झाली. कडवं सुरू झालं. आणि कुणीतरी चुकीचं म्हणायला लागलं. अगदी धाकटीसारखं. बाई वर गेली की ही खाली. मला आधी रागच आला. मागे वळून बघितलं, कोण आहे ते. मागचे सगळे गप्प ऐकत होते. शेजारची बघितली, तिचेही ओठ मिटलेले. मग स्टेजशेजारच्या मोठ्या पडद्यावर दिसलं. इतका वेळ मागे अंधारात उभी असलेली साथीची गायिका पुढे आली होती. जाडशी, पांढरे केस कापलेले, डोळे मिटलेले. ती गात होती. बाई थांबत होती तिथे हिचं चालू. दोघींचं एकमेकींत असं बसत होतं की मधून कागद जाऊ नये.

मी खुर्चीचा हात धरला.

शेजारणीला विचारलं, "ही — ही असं का म्हणतेय?"

"असंच तर आहे ना गाणं!"

"पहिल्यापासून?"

"मग! कॅसेटमध्येही आहे. इअरफोन लावला की बाई एका कानात, ही दुसऱ्या कानात. माझी आई दोघींचं म्हणायला बघायची, दमायची." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "मावशी, पाणी देऊ?"

पाणी घेतलं. पुढची गाणी कुठली झाली आठवत नाही. बाहेर अजून उजेड होता. बसमध्ये उजवीकडच्या सीटवर एक माणूस पेपर वाचत होता, त्याचं कोपर लागत होतं. लागू दिलं.

२३ मार्च, रविवार

सकाळी दात न घासता आधी इअरफोन काढला. फोनला जोडला. गाणं शोधलं. आणि डावं बोंड उजव्या कानात घातलं.

धाकटीचं सगळं आलं. जसंच्या तसं. तिची ती लांबवलेली ओळ, मध्येच खाली उतरणं, शेवटचं "हं". माझी बाजू कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तशी.

साधी गोष्ट. बोंड बदलायचं. तीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. डावं तिचं होतं ना!

२५ मार्च, मंगळवार

वरची कवळी खालच्या साच्यावर बसवत होते. बसेना म्हणून घासत होते. मामांनी हळूच हातातून काढून घेतली.  लॅबच्या मालकीणबाईंना कळायच्या आत त्यांनी नवा साचा ओतला.

बरोबर धाकटीच होती. मग तर हे आधीपेक्षा वाईट झालं. चुकलेल्या माणसाला बोलले असते तर निदान —

पुढे लिहवत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मेहुण्यांचा नंबर लावला. दोन रिंगनंतर बंद केला. त्यांचा उलटा फोन आला. "चुकून लागला," म्हटलं.

३० मार्च, रविवार

आज मेहुण्यांना फोनवर सगळं सांगून टाकलं. दवाखाना, भिंत, तिचे खांदे. 

मेहुणे म्हणाले, "ताई, ती रडत नव्हती हो. मी संध्याकाळी आलो तर मला सांगताना पुन्हा हसायला लागली. हसून हसून ठसका लागला, नर्स धावत आली. 'अजून पकडलं नाही हिने!' म्हणाली."

"म्हणजे तिला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. लग्न झालं त्या वर्षीच मला तंबी दिली होती, 'ताईजवळ बोलायचं नाही. मी चुकीचं म्हटलं की ताई म्हणून दाखवते. नाहीतर ती बया कुठली गायला!'"

त्या दुपारी मी म्हणून दाखवलं नव्हतं. हे त्यांना सांगितलं नाही. मग तेच म्हणाले, "ताई, येत जा ना रविवारचं." बघू म्हणणार होते. येते म्हटलं.

फोन ठेवून भांडी घासायला घेतली. नळ सोडला आणि म्हटलं. माझी बाजू, पहिल्यापासून, मोठ्याने. शेजारणीने खिडकी लावून घेतली. भांडी संपली तेव्हा शेवटचं कडवं बाकी होतं. ते संपेपर्यंत कोरडा ओटा पुन्हा पुसत राहिले.