ब्रश बदलले, तपासलं

३ मार्च, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी आणि ताईनं दिलेली ही कोरी वही. ती म्हणाली, तुझ्या पोटातलं ओठावर कधी येत नाही, बोलत नाहीस तर निदान लिहून तरी ठेव. बरं बाई, लिहितो.

गॅरेज झकास आहे. तीन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, एक लिफ्ट, मागे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरची शेड. डेंटरला सगळे ठोक्या म्हणतात. हातोडा थांबला की तो गप्पा ठोकतो. मालक भला माणूस. मला वरची खोली दिली आहे, तिची खिडकी थेट गॅरेजमध्ये उघडते. आधीचा इलेक्ट्रिशियन सोडून गेल्यापासून कामांचा ढीग पडलाय म्हणे. म्हटलं, आता मी आलोय ना! मालक हसले.

४ मार्च, मंगळवार

पहिलं गिऱ्हाईक वाचनालयाच्या बाई. जुनी पांढरी गाडी, मागच्या सीटवर त्यांचे मिस्टर, मांडीवर ऑक्सिजनचं मशीन. दर गुरुवारी त्यांना दवाखान्यात न्यावं लागतं. मशीन गाडीच्या सॉकेटवर चालतं, त्याची स्वतःची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही. गाडी पळत असली की सगळं ठीक, सिग्नलला थांबली की मशीन टीं टीं करायला लागतं. मिस्टर नाकातली नळी सावरत म्हणाले की त्यांचं आणि गाडीचं दुखणं एकच, दोघांनाही उभ्या उभ्या धाप लागते. मला हसू आवरेना. मोठा मिश्कील माणूस.

बॅटरीला मीटर लावला. गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं आयडलिंगला ठेवलं तर बारा पॉइंट एक व्होल्ट. ॲक्सिलरेटर जरा दाबला की चौदा पॉइंट दोन. म्हणजे वीज तयार करणारा अल्टरनेटर जिवंत आहे, गाडी उभी असली की तेवढा कमी पडतो. बेल्ट घट्ट होता, अर्थिंगची वायर साफ होती. राहिले आतले कार्बनचे ब्रश. ते झिजले की अस्संच होतं. मी छाती पुढे काढून सांगितलं, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा.

५ मार्च, बुधवार

ब्रश झिजून नखाएवढे उरलेत. पण या मॉडेलचे ब्रश शुक्रवारशिवाय येणार नाहीत, असं पार्टवाला म्हणाला. खरं तर बाईंना तसं सांगायचं. पण पहिलंच काम, मालकांसमोर दिलेला शब्द, आणि आधीच्या माणसालाही हे जमलं नव्हतं म्हणे. मग जुनी युक्ती केली. आयडलिंगचा स्क्रू अर्धा फेरा पिळला. इंजिन उभ्या उभ्या जरा जोरात फिरायला लागलं आणि आकडा चढला. एसी आणि दिवे बंद ठेवून मोजलं: तेरा पॉइंट सहा.

आजार तसाच आहे, ताप तेवढा उतरवला. शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून गाडी बोलावीन आणि गुपचूप ब्रश घालीन. जॉबकार्डावर लिहून टाकलं: ब्रश बदलले, तपासलं. बाईंनी चारदा आभार मानले. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी ब्रशचं पाकीट आलं. काडेपेटीपेक्षा लहान. ते फोडत होतो तेवढ्यात ठोक्या सांगत आला की वाचनालयाच्या बाईंचे मिस्टर काल गेले. पुलावर ट्रक आडवा झाला होता, गाड्या पाऊण तास जागच्या हलल्या नाहीत. ऊन मी म्हणत होतं. मशीन बंद पडलं. बाई धावत मागच्या गाड्यांकडे गेल्या, पण परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी पाकीट खिशात घातलं आणि दिवसभर एका टॅक्सीचा हॉर्न दुरुस्त करत बसलो. तो बिघडलेलाच नव्हता.

१० मार्च, सोमवार

बाई आल्या. गाडी डोळ्यांसमोर नको, म्हणून इथेच ठेवायला आणली होती. मालक, ठोक्या, सगळे खाली मान घालून उभे. बाईंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, कळलं यांना. बरं झालं, एकदाचं.

त्यांनी विचारलं, "त्यांना उकडत होतं म्हणून मी एसी लावला होता. त्यामुळे मशीन बंद पडलं का हो?"

मी म्हणालो, "असू शकतं."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. किल्ली माझ्या हातात देऊन हळूहळू फाटकाकडे गेल्या. मी हाक मारली नाही. माझी जीभ झडायला हवी होती.

११ मार्च, मंगळवार

आज ब्रश घातले. स्क्रू होता तसा केला. एसी लावला, दिवे लावले, आयडलिंगला चौदा पॉइंट एक. एकदम चोख. वरातीमागून घोडं.

बॉनेटवर वाकलो असताना मला धाप लागली. वाटलं, धुरामुळे असेल. ॲक्सिलरेटरची केबल जराशी ओढली, इंजिन वाढलं आणि छाती मोकळी झाली. सोडली की पुन्हा धाप.

१३ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, कामाचा ताण असेल. त्यांच्याकडे बसलो होतो तोवर श्वास पुरत नव्हता. परतताना रस्त्यावरून एक बस जोरात गेली, तेवढ्यापुरता पुरला.

दुपारी टीं टीं ऐकू आलं. ठोक्याला विचारलं, तो म्हणाला, कसलं टीं टीं?

१५ मार्च, शनिवार

एक वेडेपणा केला. मीटरची दोन्ही टोकं हातांच्या दोन अंगठ्यांना लावली. काही दिसायला नको, माणूस आहे मी.

बारा पॉइंट एक.

पांढरी गाडी सुरू करून रेस केली. चौदा पॉइंट दोन. पाय काढला. बारा पॉइंट एक. तिच्यात आता काही बिघाड नाही. बिघाड कुठे आहे ते मला ठाऊक आहे.

१७ मार्च, सोमवार

आता इंजिनापासून दूर गेलो की जमत नाही. ॲक्सिलरेटरवर वीट ठेवून गाडीशेजारी बसतो. मालक विचारतात काय झालंय. सांगायचं होतं. तोंड उघडलं, टेस्टिंग करतोय म्हणालो.

ठोक्या बाईंकडे जाऊन आला. एवढ्या उकाड्यात त्या खिडक्या लावून बसतात. पंखा लावत नाहीत. म्हणतात, माझ्या एसीनं ते गेले, आता मला गारवा कशाला? दोनदा चक्कर येऊन पडल्या. शेजारीण म्हणते, अशानं आठवडाभरही काढणार नाहीत.

माझ्या दोन शब्दांनी एक बाई मरायला बसली आहे. आणि मी विटा ठेवतोय.

१९ मार्च

आकडा अकरा. रेस करूनही तेरा. झोप नाही. टीं टीं आता माझ्याच छातीतून —

चिठ्ठी पाठवू का? नको. कागदावर मी आधीच एकदा खोटं लिहिलंय. त्यांच्यासमोर, तोंडानं.

उद्या.

२० मार्च, गुरुवार

बाईंच्या दारात. सकाळचे अकरा. त्यांच्याच पांढऱ्या गाडीत, पाय ॲक्सिलरेटरवर, वही स्टिअरिंगवर. गाडीतून उतरता येत नाही. पाय जरा हलला की डोळ्यांपुढे अंधारी —

हॉर्न दिला. बाई बाहेर आल्या. केवढ्या वाळल्यात. भिंत धरून पायऱ्या उतरताहेत.

ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही. कानाला हात लावून विचारताहेत, काय म्हणालात?

रेस केली तर त्यांना ऐकू येत नाही. नाही केली तर मला श्वास नाही.

पुन्हा ओरडलो. त्या हातानं खूण करताहेत, इंजिन कमी करा. मला वाटतं, मी गाडी दुरुस्त झाल्याचं दाखवायला आलोय असं त्यांना —

भीती वाटते. ताई, फार भीती वाटते.

खिडकीशी आल्या. वाकल्या. घामानं चेहरा भिजलाय.

एका श्वासात किती शब्द बसतात? पाच-सहा तरी —

पाय काढतो.

बाई, एसीनं नाही. ब्रश मी —